बिनसाखरेचा चहा

वडगाव, गुरुवार संध्याकाळ

आज भजनानंतर सगळ्यांसमोर बोलले, "मला शुगर हाय. माझा चहा बिनसाखरेचा ठेव गं." केवढं धाडस! गोड चहाच्या आग्रहाला भिऊनच वर्षभर भजनाला गेले नव्हते. हे गेल्यापासून घरात एकटीच. एकटीसाठी भाकरी कोण थापणार? चहात खारी बुडवून भागवायचं, गोळी विसरायची. शुगर वाढली त्यात नवल काय?

माझं ऐकून शेजारची शांताक्का हळूच म्हणाली, "मला बी तसलाच." मग आणखी तिघी. मी कुणापासून लपत होते? बिनसाखरेचा चहा दुसऱ्यांदा ठेवावा लागला, आणि तो माझ्यामुळं!

शांताक्काही एकटीच असते. उद्या माझ्याकडंच जेवायला ये, म्हटलं. पीठ आत्ताच काढून ठेवलंय. दोघींचं.