लव्हडेची चार फुटांची जागा

मी, थॉमसिन पेनहेल, खाणकामगार जॅबेझ पेनहेल यांची विधवा, वय सत्तावन, राहणार हेलेना, मोंटाना. माझी फुप्फुसं गेली आहेत, डोकं शाबूत आहे. डॉक्टरांनी तसं लेखी दिलं आहे. कुणी हात धरून हे लिहवून घेतलेलं नाही.

घर मुलगा ह्यू याला. चूल शेजारच्या ॲग्नेसला, तिची धूर फार करते. नवऱ्याचं फावडं मात्र ह्यूच्या हाती जाऊ नये. त्याचं कारण लिहिते.

१८६६ साली ही घळ म्हणजे तंबू, चिखल आणि शिव्या. माझी लेक लव्हडे अकरा महिन्यांची होऊन तापाने गेली. सगळ्या फळ्या सोनं धुवायच्या पन्हळींना लागत होत्या, म्हणून तिला बापाच्या लाल सदऱ्यात गुंडाळून टेकडीवर पुरली. सोन्याच्या जागेवर ठोकतात तसा जॅबेझने खुंट ठोकला: ‘चार फूट, लव्हडे पेनहेल.’ छावणीचा नियम असा, की दहा दिवस फावडं लागलं नाही तर जागा कुणीही घ्यावी. थडग्याला तो कुणी लावला नसता म्हणा, पण मला कुणाचाच भरवसा नव्हता. एकोणतीस वर्षं दर दहाव्या दिवशी मी तिथली एक फावडं माती उलटली. लोक हसायचे.

“थॉमसिनबाई, लागलं का सोनं?”

“आहे तिथेच आहे,” मी म्हणायची.

तंबूंची दुकानं झाली, दुकानांच्या पेढ्या झाल्या, आणि गेल्या हिवाळ्याच्या तोंडाशी मतं पडून हे गाव राज्याची कायमची राजधानी झालं. ह्यू माझ्याच ओट्यावर नाचला. आता राजधानीला कचेऱ्या हव्यात. ती टेकडी सपाट करायचा कागद ह्यूच्याच कचेरीतल्या टेबलावरून गेला. सोमवारी खोदाई आहे.

“आई, खुंट केव्हाच कुजला. तिथे काही नाहीये गं.”

“तुझी बहीण आहे.”

“मी तिला पाहिलंसुद्धा नाही.”

या वाक्याची त्याला माफी द्यायचा मी प्रयत्न केला. जमलं नाही.

मला अंथरुणातून उठवत नाही. फावडं लागून आज सतरा दिवस झाले. जीव नुसता तुटतो आहे, देवा, मी कुणाच्या पाया पडू?

सबब, फावडं भाजीमळेवाल्या क्वोंगला. त्याचे लोक आपल्या मेलेल्यांची हाडं उकरून, पुसून, मोजून चीनला घरी पाठवतात. सख्ख्या भावाची त्याने स्वतः पाठवली. त्याने लव्हडेला उचलून माझ्या शवपेटीत ठेवावं. ह्यू आडवा आला तर घरही ॲग्नेसचं.

इथवर लिहिलं आणि क्वोंग आला. सोमवारच्या आत लव्हडेला उकरून काढ, असा कालच त्याला निरोप धाडला होता. गुडघ्यापर्यंत माती.

“बाई, सगळं चाळणीने चाळलं. इतक्या लहान पोराचं काही उरत नाही.”

त्याने रुमाल उघडला. सदऱ्याचं एक शिंपल्याचं बटण.

“जागा तीच होती ना?”

“तीच. खुंटाचं बूड होतं.”

तेव्हा लव्हडेला उचलून ठेवायचं वरचं कलम बदलते. ते बटण माझ्या उजव्या हातात द्यावं, आणि मूठ ह्यूने स्वतःच्या हाताने मिटावी. बहिणीला पाहिलं नाही म्हणतो, तेव्हा पाहील.

वाचून, समजून सही केली.
थॉमसिन पेनहेल

आमच्यादेखत सही झाली:
सायलस बोल्ट, सुतार
मार्था रूल, सुईण

हेलेना, शनिवार, ११ मे १८९५