वारं नगं

मंगळवार, संध्याकाळ. अंबाजोगाई, दवाखाना.

आज दिवसभर मी पंखा बंद करत बसले. काय म्हणावं मला!

दम लागतो म्हणून परवा आईला घाटनांदूरहून इथं आणलं, तेव्हापासून तिच्या तोंडावर मास्क आहे. मशीन त्यातून जोरात हवा सोडतं. पट्टे इतके आवळलेत की नाकाच्या दांडीवरचं कातडं सोललं. सिस्टरनं तिथं चिकटपट्टी लावली. मला वाटत राहिलं, दुखतंय ते नाकच.

आई मात्र मास्क जरा उचलून एकच म्हणायची, "वारं नगं गं बाई."

मी पंखा बंद केला. परत तेच. खिडकी लावली, अंगावर शाल घातली. घामानं भिजली बिचारी, तरी "वारं नगं". वर मीच चिडले, "आता कुठलं वारं हाय गं?"

तिनं माझा हात धरून पोटावर ठेवला. पोट ढोलकीसारखं ताणलेलं.

सिस्टर म्हणाली, मशीनची हवा पोटात जाते, काहींना होतं असं. डॉक्टरांनी दाब थोडा कमी केला. आणखी केला तर दम पुरणार नाही, मास्क तर काढायचाच नाही, म्हणाले.

म्हणजे ती सकाळपासून बरोबर सांगत होती. आणि मला कळून तरी काय उपयोग?

पंखा पुन्हा लावला. आत्ता परत म्हणाली, "वारं नगं." डोळ्यांतलं पाणी नाकावरच्या पट्टीपर्यंत आलं होतं, ते पुसलं. मग उठले आणि पंखा बंद केला. माझ्या हातात तेवढंच बटण आहे.