डेक्लनच्या आईसाठी कोबी-बटाटा

क्रेगीबर्न, रविवार

प्रिय आई, नमस्कार.

काल डेक्लनची आई पहिल्यांदाच माझ्या हातचं जेवली. मी मुद्दाम त्यांचं आयरिश कोलकॅनन केलं. कुस्करलेल्या बटाट्यात वाफवलेला कोबी, गरम दूध आणि वर लोणी. फोडणीचा मोह आवरला.

पहिला घास त्यांनी सावकाश खाल्ला. मग "मीठ कमी आहे," म्हणाल्या आणि पुन्हा वाढून घेतलं.

निघताना त्यांनी विचारलं, "तुमच्या लग्नाला तुझे आईबाबा येणार ना?" मी ठामपणे हो म्हटलं.

तुझा गुडघा कसा आहे? बाबा माझ्याशी फोनवर बोलत नाहीत, म्हणून हे पत्र. त्यांना वाचून दाखव. तिकिटं मी काढलीत, दोघांचीही.

तुझीच,
मयूरा