तिन्ही आयडींत त्याचं आडनाव

आई, मोबाइलमधलं तुला काही कळायचं नाही, पण ही गोष्ट बरोब्बर कळेल, म्हणून तुलाच लिहितेय. मी आणि कॉलेजपासूनचा माझा एक मित्र, आता पार्टनर, शिकवणीच्या क्लासेसना अ‍ॅप बनवून देतो. अ‍ॅप एकच, वरचं नाव आणि रंग फक्त वेगळा. एक उल्हासनगरच्या क्लासचं, एक अंबरनाथचं, एक बदलापूरचं. पण आतून प्रत्येकाला आपापला आयडी लागतो, नाहीतर फोनला वाटतं हे तेच. मागच्या आठवड्यात तसंच झालं. अंबरनाथ पूर्वेच्या एका बाईंची मुलगी तिथल्या क्लासला, मुलगा बदलापूरच्या. ट्रायलला दिलेलं दुसरं अ‍ॅप त्यांनी टाकलं आणि पहिलं गायब. मुलीची हजेरी बघायला गेल्या तर पोरगी क्लासमध्येच नाही! कॉपी करताना पार्टनरकडून आयडीचं शेपूट बदलायचं राहिलं होतं. ते सुधारायला मी फाइल उघडली आणि बघते तर काय, तिन्ही आयडींच्या सुरुवातीला त्याचं आडनाव. अ‍ॅप अजून स्टोअरवर चढवली नव्हती म्हणून बरं, एकदा चढली की आयडी जन्मात बदलत नाही.

मला तू आठवलीस. उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधल्या आपल्या खोलीत तू ओट्यापाशी उभी आहेस. शेजारच्या सिंधी काकींना मी कोऱ्या डब्यातून शिरा देऊन आलेय, डब्यावर नाव घालायचंय अजून. तू मला असं झापतेस की बस. "आधी नाव, मग देणंघेणं. डबे काय, सगळे सारखेच दिसतात." काकींनी दुसऱ्याच दिवशी डबा परत केला, वर साईभाजी भरून. भाजी तू चाटूनपुसून खाल्लीस आणि रिकामा डबा हातात तोलून म्हणालीस, आपला जड होता. बाबा हसायचे, मीही हसायचे.

आता मीच तशी झालेय बघ. पार्टनर गॅलरीत जाऊन फोनवर बोलतो, मी कान लावते. रविवारी बदलापुरात सोनिवलीला फ्लॅट बघायला गेलो होतो म्हणाला. एकटा? बायकोला न घेता फ्लॅट कोण बघतं? बदलापूरच्या क्लासवाल्याला परस्पर भेटून आला असणार. शेवटी राहवेना, तोंडावर विचारलं, तिन्ही आयडींत तुझंच आडनाव का? त्याने मान वर केली नाही.

"अगं, ते कोणाला दिसतंय? टाक तुझं. स्टोअरचं अकाउंटपण तुझ्याच नावाने काढ, माझ्या डोक्याला ताप नको."

इतक्या सहज कोण सोडतं गं? मला तर वाटलं, नक्की काहीतरी शिजतंय.

आज तिन्ही आयडींत माझं नाव घातलं, शेपटं वेगळी केली, टेस्टिंगच्या कॉपीलाही वेगळं दिलं, आणि माझ्या अकाउंटवरून अ‍ॅप चढवली. त्याने बघितलंसुद्धा नाही, चहा सांगायला गेला. आई, बटण दाबल्यावर माझ्या मनात पहिलं काय आलं सांगू? आता तो नसला तरी चालेल. तो माझ्याबद्दल असंच म्हणेल ही इतके दिवस भीती होती, आणि तेच माझ्या मनात आलं. तो चहा घेऊन आला, तेव्हा मला त्याच्याकडे बघवेना. तू असतीस तर हे तुलाही सांगितलं नसतं.