एकशे चाळीस घरं, एकशे चाळीस नाही

२२ एप्रिल २०२४
आणखी एक फॉर्म! दुष्काळात शेतकरी जीव देतात म्हणून आम्ही आशाताईंनी घरोघरी विचारायचं — उदास वाटतं का? जगणं नको वाटतं का? हो किंवा नाही. एकशे चाळीस घरं, आठ दिवस. पाण्याचा टँकर चार-चार दिवस येत नाही, फॉर्म मात्र वेळेवर!

२३ एप्रिल
शिरूरला ट्रेनिंग. मॅडम म्हणाल्या, लक्षणं पाठ करा — माणूस गप्प होतो, जिवापाड जपलेली वस्तू देऊन टाकतो, कागदपत्रं आवरून ठेवतो. मग वडापाव. एसी इतका गार, परत यावंसंच वाटेना.

२५ एप्रिल
पोपटराव आप्पांच्या अंगणात सहा जण बसलेले. "आप्पा, उदास वाटतं का?"
"बोअर आटली, शेवंती जळाली. तवा काय नाचू?" सगळे हसले.
"मग हो लिहू?"
"येडी का काय! पोरीची सोयरीक जमवायची हाय. न्हाई लिही."
सहाच्या सहा नाही. चारचौघांत कोण हो म्हणणार! पण एकेकाला बाजूला घेत बसले तर घरं कधी संपायची?

२७ एप्रिल
आमच्या घराचा फॉर्म डाळ शिजेपर्यंत मीच भरला. ह्यांचं वय पंचेचाळीस, उदास — नाही. नवऱ्याला काय विचारायचं!

२८ एप्रिल
ह्यांनी पखवाज पोपटरावांना देऊन टाकला. वीस वर्षं कुणाला हात लावू दिला नव्हता! का, तर "असू दे." आठवडाभर जेवताना शब्द नाही. उन्हात फिरते मी, टँकरच्या रांगेत मी, आणि रुसायचं ह्यांनी!

३० एप्रिल
नवलच! सातबारा, विमा, पासबुक सगळं एका पिशवीत घालून दाखवलं. "हितं हाय बघ." लग्नाच्या अठरा वर्षांत पहिल्यांदा एवढा टापटीपपणा. बरं वाटलं.

१ मे
झेंडावंदनाला माझा सत्कार होता. आमच्या गावात एकही धोका नाही म्हणून! मॅडम म्हणाल्या, अनिताताई, लक्षणं वाचून दाखवा. वाचू लागले — गप्प होतो, जपलेली वस्तू देऊन टाकतो... कागदपत्रांपाशी जीभच अडली. कागद तिथंच टाकला आणि घराकडं पळाले. हे गोठ्यात बसलेले. नुसतेच.

२ मे
काल फॉर्ममधलाच प्रश्न ह्यांना विचारला — जगणं नको वाटतं का? "व्हय," म्हणाले.
शिरूरच्या एसटीत आहोत, डॉक्टरांकडं. उजव्या हातानं लिहितेय. डाव्यात ह्यांचा हात आहे.