सात मऊ, सात कडक

हॉयर, ६ नोव्हेंबर, सकाळ
(चर्चची घंटा वाजतेय, पण आज मी जात नाही. पाद्रीबाबांची तब्येतही आज जेमतेमच असेल, कारण पुढे येईल.)

ती. मारेनताईस,

धाकट्या नीसचा नमस्कार, आणि तुझ्या मोडक्या पायाला वेगळा नमस्कार. प्लास्टर निघालं का? की अजून ऑलबोर्गला ग्रेथेच्या घरी पाय उशीवर ठेवून जावयाला कामं सांगत बसली आहेस? ग्रेथेला आशीर्वाद, जावयाला माझी सहानुभूती. इकडे सगळं क्षेम आहे. वारा पश्चिमेचा, समुद्राचा बांध जागेवर, माझी पाठ बरी. मांजर मधे एका मंगळवारी घर सोडून गेलं होतं ते शुक्रवारी परत आलं. त्याचंही कारण पुढे येईल. फोन मात्र करू नकोस गं बाई! एक्स्चेंजमध्ये कत्रीनेची पुतणी बसते. आपण 'हॅलो' म्हणायच्या आत गावाला आपला निरोप मिळालेला असतो. म्हणून हे पत्र.

आता नीट टेकून बस. (बसलेलीच आहेस म्हणा.) ताई, मी कॉफीचं टेबल मांडलं! मी! एकट्यानं! सात मऊ, सात कडक, केक-बिस्किटांचे चौदाच्या चौदा प्रकार, सगळे घरचे, बेकरीतून आणलेला एक तुकडा नाही! आईच्या निळ्या किटलीत कॉफी, आईचा पांढरा टेबलक्लॉथ (त्याबद्दल शेवटी), आणि टेबलाशी कोण कोण, तर पाद्री लॉरिट्सेन, आपली कत्रीने आणि मेट्टा. अक्षर वाकडं आलं तर समजून घे, मी पिऊन बसलेलो नाही.

हे वेड डोक्यात कुठून शिरलं ते तुला कसं माहीत असणार, तू पाय मोडून गेल्यानंतरची गोष्ट आहे. मेट्टाला मी तीन वर्षं लग्नाचं विचारतोय हे तुला ठाऊक आहे. (गावालाही ठाऊक आहे. पुतणी.) दर वर्षी नोव्हेंबरात मार्टिनच्या सणाला बदक खाऊन झालं की मी विचारतो, आणि दर वर्षी ती म्हणते, 'नीस, हाडं तेवढी बाहेर टाकून ये.' या वर्षी मी सणाची वाट न बघता सप्टेंबरातच विचारलं. बांधावर उभी होती, हातात बटाट्यांची बादली. तिनं बादली खाली ठेवली आणि मला सरळ सुनावलं. म्हणाली, 'हे बघ, चौतीस वर्षं संसार केला, येपला रांधून वाढलं. तो बसायचा आणि मी उभी असायची. देवाघरी गेला तेव्हाही खुर्चीतच होता. आता पुन्हा एका बसणाऱ्याच्या घरी मी यायची नाही. कॉफीचं टेबल मांडून दाखव. सात मऊ, सात कडक. आणि त्यात मारेनचं बोटसुद्धा बुडालेलं चालणार नाही. मग विचार.' एवढं बोलून बादली माझ्याच हातात दिली आणि पुढे चालायला लागली. मी घरापर्यंत बादली पोचवली, आणि त्याच दिवशी तुझं स्वयंपाकघर ताब्यात घेतलं.

ताई, मी एकतीस वर्षं बंधाऱ्याचे दरवाजे उघडले आणि मिटले. आख्खा समुद्र माझ्या हाताखाली होता, एकदाही चूक नाही. तेव्हा वाटलं, भट्टीचं एक दार काय जड आहे! पण समुद्र निदान ठरल्या वेळी येतो गं. पहिली कडक बिस्किटं केली त्यात ते हरणाच्या शिंगाचं मीठ घालतात ना, फुलायला, ते मी मुठीनं घातलं. (तुझ्या वहीत 'थोडं' लिहिलंय. माझ्या मुठीत थोडंच मावतं.) भट्टीचं दार उघडल्याबरोबर असा भपकारा आला की माझ्या डोळ्यांना धारा लागल्या आणि मांजर जे खिडकीतून गेलं ते वर सांगितल्याप्रमाणे शुक्रवारी आलं. व्हॅनिलाची गोल बिस्किटं खिम्याच्या यंत्रातून काढायची असतात हे वाचून मला आनंद झाला होता, कारण यंत्र म्हणजे माझा प्रांत. हँडल इतक्या जोमात फिरवलं की पीठ एका दमात बारा हात लांब बाहेर आलं आणि टेबलावरून उतरून दाराकडे निघालं. पीळ घालून तळायच्या क्लाइनरांचं विचारू नकोस, त्यांना मी पीळ दिला आणि त्यांनी मला. आणि ती 'काहीच-नाही' नावाची बिस्किटं आपल्याकडे करतात, ती तर पहिल्या खेपेला नावाला जागली. ताट बाहेर काढलं तर त्यावर खरोखर काहीच नव्हतं, नुसता काळा डाग.

पण हटलो नाही! सात आठवडे रोज एक प्रकार. बिघडलं की कोंबड्यांना. (कोंबड्यांनीही दोनदा पाठ फिरवली.) तुझी वही मी बघितली हे खरं, पण वही म्हणजे काही बोट नव्हे, हे तू मान्य करशील. शेवटी राहिला आपला ब्रेडकेक. जुन्या, वाळलेल्या राईच्या ब्रेडचा चुरा, अंडी, साखर, हेझलनट, मधे काळ्या करंट्सचा मुरांबा आणि वर फेटलेली साय. त्याच्याशिवाय आपल्या भागात कॉफीचं टेबल म्हणजे नवरीशिवाय लग्न. चुरा तुझ्या फळीवर होताच. दोन डबे, दोन्ही निळे, दोन्ही सारखे, आणि एकावरही अक्षर लिहिलेलं नाही! (तुझ्या सगळ्या गोष्टी तुझ्या डोक्यात, डब्यावर काही नाही.) एक उघडला, बघितलं तर चुराच होता. घातला. दोन थर छान उठले, काळेभोर, माझ्या चौदातला एकमेव सुबक दिसणारा प्रकार.

काल शनिवारी दुपारी दोनच्या ठोक्याला तिघं आली. कत्रीने दारातच टेबलावरून नजर फिरवत बोटांवर मोजत होती बाई! चौदा भरल्यावर तिचा चेहरा पडला तो मी बघितला. मग मी यजमानानं म्हणायचं ते म्हटलं, 'घ्या ना, फार काही जमलं नाही, कसंबसं झालंय.' हे आपल्याकडे प्रत्येक बाई म्हणते आणि खोटं म्हणते. काल पहिल्यांदा या गावात कोणीतरी ते खरं म्हटलं. पण आपली रीत किती थोर आहे ते मला कालच कळलं, ताई. आधी लोणी लावलेला बन, मग मऊ प्रकार ओळीनं, मग कडक, आणि एकही सोडायचा नाही, एकालाही नको म्हणायचं नाही! पाद्रीबाबांनी माझा मधाचा केक कसा चावला असेल ते त्यांच्या दातांना ठाऊक. कत्रीने सफरचंदाचा केक घशाखाली उतरवायला दोन कप कॉफी प्याली. मेट्टा मात्र ओळीनं एकेक खात होती. ती कप खाली ठेवायची, की मी किटली घेऊन उभा.

मग ब्रेडकेक कापला. पाद्रीबाबांनी पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. मला वाटलं, भक्ती. कत्रीनेनं घेतला आणि तिचा काटा हवेतच राहिला.

'नीस, यात काय घातलंयस?'

'आवडला?'

'मी विचारलं, काय घातलंयस. मला मासा लागतोय.'

मी माझा तुकडा तोंडात टाकला. ताई, माझ्या तोंडचं पाणी पळालं. आधी मीठ, मग पांढरी मिरी, आणि सायीच्या, मुरांब्याच्या मागून, लांबून, पण अगदी स्पष्ट, हेरिंग! मी घाम पुसला आणि म्हटलं, 'नवीन पद्धत आहे. समुद्राच्या वाऱ्याची चव. माझी स्वतःची कल्पना.' (सुचलं गं! मरताना माणसाला सुचतं तसं सुचलं.) कत्रीने नाक मुरडून म्हणाली, 'केकात मासा? बाई बाई! मारेन घरात नाही म्हणून हे दिवस आले.' तेव्हा पाद्रीबाबा डोळे मिटलेलेच ठेवून म्हणाले, 'येशूचे निम्मे शिष्य कोळीच होते, कत्रीनेबाई. खा.'

आणि मेट्टा! मेट्टानं आपला तुकडा संपवला. बशीवरचा कणसुद्धा बोटानं टिपला. मला वाटलं, संपलं, आता उठेल आणि शाल घेईल. तिनं बशी पुढे केली आणि म्हणाली, 'अजून एक.'

अजून एक! चौदा प्रकारांच्या टेबलावर! कुठल्याही प्रकाराचा दुसरा तुकडा मागितल्याचं तुझ्या आठवणीत आहे? माझ्या तरी नाही. कत्रीनेलाही नव्हतं, कारण ती मेट्टाकडे बघतच राहिली, आणि मग (मेट्टाला पसंत आणि आपल्याला समजत नाही, असं व्हायला नको म्हणून) तिनंही बशी पुढे केली! पाद्रीबाबांनी नाइलाजानं केली. सात कडक व्हायच्या आत ब्रेडकेक संपला, ताई, ताट रिकामं! घरी जाताना कत्रीने दारात हळूच विचारत होती, ती समुद्राच्या वाऱ्याची चव नेमकी कितीशी घालायची.

ती दोघं गेली, मेट्टा थांबली. मी अस्तन्या सारून कप धुवायला लागलो. मला वाटलं ती टॉवेल घेईल. तिनं खुर्ची ओढली, चुलीकडे पाय पसरले आणि बसली. नुसती बसली गं! माझ्या हातून दोन कप फुटले, तरी उठली नाही. मी धुवत होतो आणि ती बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर असं काही होतं की मी शेवटची बशी तीनदा धुतली, संपू नये म्हणून. मग म्हणाली, 'लग्नात हाच केक पाहिजे. अस्साच.' मी म्हटलं, 'म्हणजे हो?' म्हणाली, 'केक पाहिजे म्हणाले ना मी.' ताई, चौसष्ट वर्षांचा मी, काल तुझ्या स्वयंपाकघरात ओल्या हातांनी रडलो. सांगून टाकतो, लाज कसली!

तर बघ, तुझ्याशिवाय जमलं. तुझं बोटही नाही, नखही नाही. चाळीस वर्षं तू म्हणायचीस ना, नीसला पाणी उकळता येत नाही? घे!

लग्न वसंतात. पाय तोवर नाचण्यापुरता तरी बरा कर. सगळ्यांना माझं प्रेम सांग.

तुझा, आता फार दिवस एकटा न राहणारा भाऊ,
नीस

ता. क. आईच्या टेबलक्लॉथवर इस्त्रीचा एक ठसा उमटलाय. छोटा आहे. इस्त्रीएवढाच. साखरेची वाटी त्यावर ठेवली की दिसत नाही. वाटी मोठी घ्यावी लागली.

ता. ता. क. आता नीट वाच, आणि वाचून चुलीत टाक. तो दुसरा निळा डबा, ज्यात तू हेरिंग तळायला लावायचा चुरा मिसळून ठेवतेस, तो आता रिकामा आहे. केकात तोच गेला. मला टेबलाशी कळलं. ताई, तुझ्या पाया पडतो, त्यात काय काय आणि किती घालतेस ते उलट टपाली कळव! मीठ आणि मिरी मी ओळखली, पण आणखी काहीतरी आहे, आणि ते तुझ्या वहीत नाही, मी तीनदा शोधलं. तुझं बोट नाही असं वर लिहिलंय ते मेट्टाला सांगायचं म्हणून. त्या केकात तू कोपरापर्यंत आहेस, हे आपल्या दोघांतच राहू दे. तिला कळलं तर मी पुन्हा बदकाच्या हाडांवर.

ता. ता. ता. क. पत्र मेट्टाच्याच हाती टपालात टाकायला देतोय, ती सायकलवरून टॉन्डरला चाललीय. घरातला डिंक संपला, म्हणून पाकीट अंड्यातल्या पांढऱ्यानं चिकटवलंय (अंडी सध्या घरात भरपूर). काळजी नको, दुसऱ्याचं पत्र वाचणाऱ्यातली ती नव्हे.

मारेन,

अंड्यातलं पांढरं किटलीच्या वाफेवर दोन मिनिटांत सुटतं. पाय कसा आहे?

पहिल्याच घासाला ओळखलं मी. बावीस वर्षं तुझ्याकडून तो चुरा वाटीभर नेऊन हेरिंग तळतेय, मला कळणार नाही? दुसरा तुकडा मागितला तो कत्रीनेचं तोंड बंद करायला. पण खरं सांगू, तो चांगलाच लागत होता.

बाकीचे तेरा त्याचे स्वतःचे होते. किती वाईट होते गं! मधाचा केक मी अजून दाढेत शोधतेय. पण त्याचे होते. येपला चौतीस वर्षांत आमच्या घरातले कप कुठल्या कपाटात असतात ते माहीत नव्हतं. हा दोन फोडून का होईना, सगळे धुवून जागेवर ठेवतो.

तेव्हा एक कर. त्या डब्यात काय घालतेस ते त्याला कळवू नकोस. विसरले म्हण. लग्नाला पाच महिने आहेत, दर शनिवारी एक केक करून बघेल. मी खुर्चीत बसून खाईन.

मेट्टा