लेकीच्या नावानं भाजलेलं मटण

सौ. विमल, तुला आन् आपल्या लेकीला लई आशीर्वाद. मी कारखान्यावर खुशाल हाय.

पोरगी झाल्याचं तुझ्या भावाचं पत्र आष्टीहून आलं, तशी अख्खी टोळी उसाच्या फडातच नाचली. शेताच्या मालकानं खुशीनं बोकड दिला. मी खड्ड्यात निखारे केले, जाळीवर बोकडाची मांडी ठेवली आन् वर पत्रा झाकला. पण चरबी निखाऱ्यावर टपकली की भडका उडायचा. मटण करपायला लागलं.

"लेकीच्या बापा, कोळसा खाऊ घालतो का?" टोळीतली म्हातारी छबुबाई ओरडली.

मग मी निखारे दोन्ही अंगाला सारले आन् मधी, मटणाखाली, पाण्याची परात ठेवली. चरबी परातीत पडू लागली, भडका थांबला. दुपारभर धुरात राहून मटण इतकं मऊ झालं, की तोंडात दात न्हाई ती छबुबाईबी दोनदा मागून जेवली.

गावात टँकर येतो का? तुला पाणी कोण आणून देतं? तू हंडा उचलू नको.

कारखान्याचा पट्टा पडून ऊसतोड संपल्याबिगर मला येता येणार न्हाई. बारसं करून घ्या, पण नाव त्याच दिवशी लिहून धाड. इथं सगळे पोरीचं नाव विचारतात, आन् मी नुसता हसत बसतो.

तुझा,
धोंडीराम